मॅगझिनमधली सगळ्यात वरची गोळी

टेबलावर पाच गोळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. बूड खाली, टोक वर. आमचे प्रशिक्षक खुर्चीतून वाकले, डोळे टेबलाच्या पातळीला आणले आणि काही न बोलता बघत राहिले. मग डावीकडून दुसऱ्या गोळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही कुठली?"

"चेंबरमधली, सर."

"किती दिवस हीच चेंबरमध्ये जातेय?"

मला उत्तर देता आलं नाही. सशस्त्र सुरक्षेच्या कामात तेव्हा मला सहा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

माझा रोजचा क्रम ठरलेला होता. ड्यूटीवर निघताना शस्त्रागाराबाहेरच्या वाळूच्या पेटीकडे नळी धरून पिस्तूल भरायचं. ड्यूटी संपली की त्याच पेटीसमोर रिकामं करायचं. चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी झाडायला बसते त्या घरातून, निघालेली गोळी खिशातल्या फडक्याने पुसायची, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, सगळ्यात वर परत खोचायची आणि सगळं जमा करून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी तीच गोळी वर, म्हणून तीच पुन्हा चेंबरमध्ये. त्या दिवशी घरी आल्यावर मी हिशेब मांडला. महिन्याला साधारण २५ ड्युट्या, आणि गोळ्यांचा तो संच मिळून तीन महिने झालेले. म्हणजे सत्तरेक वेळा त्या एका गोळीने फीड रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेल्या पोलादी उतारावर, डोकं आपटून घेतलं होतं. तिच्या खालच्या गोळ्या एकदाही जागच्या हलल्या नव्हत्या. आणि वेळ आली असती तर सगळ्यात आधी सुटायची होती ती हीच.

सरांनी व्हर्नियर कॅलिपर काढला. बाकीच्या चार गोळ्यांची लांबी भरली २९.३४, २९.३१, २९.३६ आणि २९.३३ मिलिमीटर. त्या एकीची २८.४७. जवळजवळ पाऊण ते एक मिलिमीटरचा फरक. हातात घेतली तर काही कळत नव्हतं. शेजारी ठेवून डोळा खाली नेला की मात्र लगेच दिसत होतं.

आपण बोलताना सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण पुढचं सांगायला थोडी फोड करावी लागेल. पूर्ण वस्तू म्हणजे काडतूस. त्याची पितळी नळी म्हणजे पुंगळी, आत दारू, बुडाला प्रायमर, म्हणजे टोपी, आणि वर बसवलेली ती खरी गोळी, जी नळीतून बाहेर जाते. ही वरची गोळी पुंगळीच्या तोंडात बसते ती पितळेच्या पकडीवर आणि तोंड किंचित आवळलेलं असतं त्यावर. काही उत्पादक तिथे लाखेसारखा लेप देतात. बाकी तिला धरून ठेवणारं काही नसतं.

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, सुटते तेव्हा ती मॅगझिनमधल्या वरच्या काडतुसाला बुडाकडून ढकलते. काडतूस पुढे सरकतं, टोक फीड रॅम्पच्या उतारावर आदळतं, वर वळतं आणि चेंबरमध्ये शिरतं. मागून पूर्ण ताकदीची स्प्रिंग, पुढून पोलादाचा उतार. एकदा, दोनदा काही होत नाही. पण तोच मार तेच टोक पुन्हा पुन्हा खात राहिलं की गोळी केसाएवढी आत सरकते, मग अजून केसाएवढी. याला सेटबॅक म्हणतात.

गोळी आत गेली म्हणजे तिच्याखालची जागा कमी झाली. दारू तेवढीच, पण पेटायला जागा लहान. आणि धूरविरहित दारूचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. म्हणून जागा थोडी कमी झाली तर दाबही थोडाच वाढेल हा हिशेब इथे चालत नाही. अमेरिकेतल्या सामी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने साध्या ९ एमएम काडतुसासाठी कमाल दाब ३५,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड, धरला आहे, आणि प्लस पी म्हणून मिळणाऱ्या जास्त ताकदीच्या काडतुसासाठी ३८,५००. या दोन आकड्यांत अंतर किती कमी आहे ते बघा. सेटबॅक झालेलं काडतूस या मर्यादांच्या कुठे जाईल ते बाहेरून सांगता येत नाही. पिस्तुलाच्या दुसऱ्या जातीच्या काडतुसांपैकी पॉइंट ४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय, तिथे मुळातच दाब कमी. पॉइंट ४० एस अँड डब्ल्यूचा मात्र ९ एमएमइतकाच ३५,००० आहे आणि त्याची गोळी जाड, जड. त्यामुळे पॉइंट ४० वापरणाऱ्यांनी या बाबतीत सगळ्यात जागरूक राहावं असं माझं मत आहे. दाब हाताबाहेर गेला तर पुंगळी फाटते ती बुडाजवळ, जिथे फीड रॅम्पमुळे तिला चेंबरचा पूर्ण आधार नसतो. मग तो सगळा वायू खाली मॅगझिनच्या खाचेतून येतो, म्हणजे आपली मूठ असते तिथून.

मोजताना एक चूक बहुतेक जण करतात. ९ एमएम काडतुसाची कमाल लांबी मानकात २९.६९ मिलिमीटर दिली आहे, आणि लोक आपलं काडतूस त्या आकड्याशी ताडून बघतात. त्याचा उपयोग नाही. प्रत्येक उत्पादक गोळीच्या आकाराप्रमाणे वेगळी लांबी ठेवतो, पोकळ टोकाची काडतुसं बहुधा आखूडच असतात. तुलना करायची ती त्याच खोक्यातल्या, त्याच लॉट नंबरच्या न वापरलेल्या काडतुसाशी. दोन नव्या काडतुसांतही पाच-दहा शतांश मिलिमीटरचा फरक निघतो, त्याला घाबरायचं कारण नाही. माझी स्वतःची मर्यादा पाव मिलिमीटर आहे. त्याहून आखूड झालं की ते माझ्या पिस्तुलात पुन्हा जात नाही.

लांबी निदान मोजता तरी येते. टोपीचं तसं नाही. तिच्या आत आघाताने पेटणारं मिश्रण दाबून बसवलेलं असतं. सततच्या धक्क्यांनी ते भुगा होऊन जागा सोडू शकतं, आणि बाहेरून टोपी नव्यासारखीच दिसते. चाप ओढला की नुसतं टक होतं. एआर-१५ सारख्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते, त्यामुळे बोल्ट पुढे आपटला की दर वेळी ती टोपीवर बारीकसा खळगा पाडते. ज्यांच्याकडे अशी रायफल आहे त्यांनी एकदा चेंबरमधून काढलेलं काडतूस उजेडात धरून बघावं. तो खळगा दिसला की एकच काडतूस रोज भरायचा धीर होणार नाही. आतलं मिश्रण शाबूत आहे का हे तपासायचा घरगुती उपाय नाही. म्हणून टोपीसाठी मोजमाप एकच, ते काडतूस किती वेळा चेंबरमध्ये गेलं.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला जड जातं.

मला पिस्तूल रिकामं करायला शिकवलं एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. हात अत्यंत सफाईचा. मॅगझिन काढायचा, डाव्या हाताचा तळवा गोळी बाहेर पडायच्या खिडकीवर ठेवायचा, स्लाइड मागे ओढायचा आणि गोळी अलगद तळहातात झेलायचा. जमिनीवर पडून गोळी खराब होऊ नये, हा हेतू. आम्ही नवे सगळे तेच शिकलो. एका संध्याकाळी मी त्याच्या मागे रांगेत उभी होते. नेहमीचाच आवाज येणार म्हणून माझं लक्षही नव्हतं. आणि धाडकन आवाज झाला. पिस्तूल वाळूच्या पेटीकडेच होतं, चापावर बोट नव्हतं. तरी गोळी फुटली होती. तो हात पोटाशी धरून खाली बसला.

झालं असं की तळवा खिडकीवर असल्यामुळे काडतुसाला बाहेर उडायला वाट मिळाली नाही. ते आतल्या आत तिरकं झालं, त्याचं बूड खाली घसरलं आणि मागे येताना टोपी नेमकी इजेक्टरच्या टोकावर आपटली. इजेक्टर म्हणजे काडतूस बाहेर फेकणारा तो अरुंद, ताठ पोलादी दात. फायरिंग पिनचं काम त्याने केलं. चेंबरच्या बाहेर काडतूस फुटलं की गोळी फार वेगाने जात नाही, पण पितळेच्या चिंध्या होतात. त्याच्या तळहातातून त्या काढायला तास-दीड तास लागला. दोन बोटं पुढे कधीच पूर्ण मिटली नाहीत. इतका जपून वागणारा माणूस, आणि जपण्याच्या सवयीनेच त्याचा हात अधू झाला. त्यानंतर मी कुणालाही असं करताना पाहिलं की तिथल्या तिथे थांबवते. कुणाला राग आला तरी चालेल.

गोळी पडू द्या. पायाशी जाड सतरंजीचा तुकडा टाका, त्यावर पडू द्या. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड मागे ओढा. क्रम उलटा झाला तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी चेंबरमध्ये जाते, आणि माणूस समजतो पिस्तूल रिकामं झालं. स्लाइड मागे अडकवा, चेंबरमध्ये बघा, करंगळीने चाचपा. अंधार असला तर डोळ्यावर नाही, करंगळीवर विश्वास ठेवा. पडलेली गोळी उचला, पुसा, नीट बघा, आणि मोजा. सकाळी जितक्या घेतल्या तितक्या संध्याकाळी हातात आल्या पाहिजेत. एकदा एक कमी भरली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून चाळीस मिनिटं शोधली, कपाटाच्या पायामागे सापडली. सापडेपर्यंत कुणी घरी गेलं नाही, ते बरोबरच होतं.

भरण्याबद्दलही एक सांगायचं आहे. एकच गोळी हाताने थेट चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडायची सवय काहींना असते. अनेक पिस्तुलांत, विशेषतः १९११ घडणीच्या, काडतुसाची कडा खालून वर सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस चेंबरमधून मागे ओढणाऱ्या भागाच्या, आकड्याखाली जाते, तशीच त्याची रचना आहे. आधीच चेंबरमध्ये बसलेल्या काडतुसाच्या कडेवर आकडा आपटला तर तो तडकतो. मॅगझिनमधून भरा, आणि स्लाइड पूर्ण सोडा. गोळीला मार कमी बसावा म्हणून स्लाइड हाताने धरून हळू पुढे नेणारेही पाहिले आहेत. त्यात ती पूर्ण मिटत नाही, आणि अर्धवट मिटलेलं पिस्तूल गरजेच्या वेळी चालत नाही. मार वाचवायचा असेल तर भरण्याची संख्या कमी करायची.

तीच गोष्ट आम्हाला सगळ्यात उशिरा सुचली. ड्यूटीच्या मध्यात, सुट्टीत, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना, आम्ही उगाच रिकामं-भरलं करायचो. काही ठिकाणी नियमच तसा होता, बऱ्याच ठिकाणी नुसती सवय. दर वेळी हातात भरलेलं शस्त्र आणि डोक्यात दुसरा विचार. चुकून गोळी सुटण्याचे जितके प्रसंग मी ऐकले, त्यातले बहुतेक असेच, भरताना नाहीतर काढताना. नियम तपासून आम्ही ते दिवसातून एकदा भरणं आणि एकदा रिकामं करणं इतक्यावर आणलं. स्वतःच्या परवान्यावर शस्त्र बाळगणाऱ्यांना कायदा आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरसकट पिस्तूल कमरेवरून उतरवून तसंच कुलूपबंद तिजोरीत ठेवता येतं, रोज गोळी काढावी लागत नाही. मात्र तिजोरी खरीखुरी हवी आणि किल्ली फक्त तुमच्याकडे. घरात लहान मूल असेल तर कपाटाच्या वरच्या फळीला तिजोरी म्हणू नका.

घरी सराव करणारे रोज संध्याकाळी गोळी काढतात, रिकामा चाप ओढतात आणि रात्री पुन्हा भरतात. वर्षाच्या शेवटी त्या एका गोळीची काय गत होत असेल! आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्या खोलीत एकही जिवंत काडतूस ठेवू नका आणि भरण्याच्या सरावासाठी नकली काडतुसं वापरा. रिव्हॉल्वरवाल्यांना फीड रॅम्पचा त्रास नाही. त्यांच्याकडे उलट होतं: हलक्या रिव्हॉल्वरमध्ये धक्क्याने उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं चाक, अडकतं. तेही मोजून बघण्यासारखं आहे.

ज्यांना रोज रिकामं करावंच लागतं त्यांच्यासाठी आमची पद्धत सांगते. बारीक टोकाचा पक्क्या शाईचा काळा मार्कर. गोळी चेंबरमधून निघाली की तिच्या बुडाच्या कडेला एक बारीक रेघ, टोपीला न लावता. पाच रेघा झाल्या की ती गोळी ड्यूटीतून बाद. हा पाचाचा आकडा कुठल्या शास्त्राचा नाही, मी ठरवलेला आहे. कुणी तीन धरेल, कुणी सहा. आकड्यापेक्षा रेघ ओढली जाणं मला महत्त्वाचं वाटतं. बाद झालेली गोळी मोजायची. लांबी ठीक असेल तर पुढच्या सरावात ती सगळ्यात आधी मारायची. तिथे नुसतं टक झालं तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते. आखूड झाली असेल तर झाडायची नाही, वेगळ्या खुणेच्या डबीत टाकून शस्त्रागारात जमा करायची. पकडीने गोळी उपटून परत बाहेर काढायचा उद्योग कुणी करू नये. ती पकड एकदा सैल झाली की परत येत नाही.

मधल्या काळात मी दुसरा उपाय करून पाहिला होता, काढलेली गोळी मॅगझिनच्या तळाशी घालायची, म्हणजे मार वाटला जाईल. वर्षभर केलं. मार वाटला जातो हे खरं, पण काही महिन्यांनी पंधराच्या पंधरा गोळ्या थोड्याथोड्या थकलेल्या होतात आणि कुणाचं किती झालं याचा पत्ता राहत नाही. रेघांसोबत केलं तर चांगलं, नुसतं केलं तर मला पटत नाही.

ते खिशातलं फडकं आठवतं? ज्याने मी रोज गोळी पुसायचे? ते पिस्तूल पुसायचं तेलकट फडकंच होतं. पातळ, झिरपणारं तेल टोपीच्या कडेने आत जाऊ शकतं आणि मिश्रण निकामी करू शकतं. सहा वर्षं मी हे केलं. आता गोळीसाठी कोरडं सुती फडकं वेगळं, आणि पिस्तुलाला तेल लावल्यावर चेंबर आणि मॅगझिन कोरडं करूनच भरणं.

पितळ उजळायला अमोनियाचं पॉलिश तर कधीच वापरू नका. याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची आणि पावसाळा सरला की पुंगळ्यांना भेगा पडलेल्या दिसायच्या. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. काडतूस आपल्याला निर्जीव, टिकाऊ धातूची वस्तू वाटते, पण हवेत काय आहे याची तिला जाण असते.

बाकी साठवण सोपी आहे. मूळ खोक्यात, लॉट नंबर दिसेल असं. रबरी कडेचा घट्ट डबा, आत सिलिका जेलची पुडी, थंड आणि कोरडी जागा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत नाही. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने ठेवलेल्या काडतुसांवर हिरवट राप चढतो, म्हणून चामड्याचा पट्टा फक्त नेण्यापुरता. डब्याला स्वतंत्र कुलूप.

सरांनी काढलेली ती २८.४७ ची गोळी त्याच दिवशी जमा झाली. ते पाच आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आणि तेव्हापासून बाद होणाऱ्या प्रत्येक गोळीची लांबी त्याच वहीत लिहिते. रेघा सुरू केल्यापासून पाव मिलिमीटरपेक्षा आखूड एकही निघालेली नाही. काल संध्याकाळी वरच्या गोळीवर चौथी रेघ ओढली. आज पाचवी पडेल. शनिवारी सरावाला जाईन तेव्हा तिला मोजून सगळ्यात आधी मारेन, आणि आज रात्रीच डब्यातून कोरी गोळी काढून तिच्या जागी ठेवेन.